पांढऱ्या कड्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या गळ्याच्या जरा खाली एक पांढरे कडे आहे. ते पुसून जात नाही, घासून जात नाही, आणि घरात नवा माणूस आला की त्याची नजर आधी तिथेच जाते. "एवढी चांगली बरणी, कुणी घासली नाही वाटतं," असे म्हणत बाह्या सरसावणारे मी पुष्कळ पाहिले. ते कडे पडले तेव्हा एका झाडाचा जीव टांगणीला लागला होता आणि एका बाईच्या तोंडचे पाणी पळाले होते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? म्हणून आज मीच सांगते. पोटात एक आणि ओठांत एक असे माझे कधी नसते. काचेला ते परवडतच नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवून माझा रस केला गेला, आणि गाल फुगवलेल्या एका कारागिराने लांब नळीतून फुंकर घालून मला पोट दिले. चुनखडी हा शब्द लक्षात ठेवा. चुना माझ्या अंगातच आहे, माझा सख्खाच म्हणा ना. त्यामुळे पुढे जे घडले ते मला सगळ्यांच्या आधी कळले. कळून उपयोग काय? बरणीचे ऐकतो कोण?

भट्टीतून मी गेले ती एका औषधवाल्याच्या दुकानात. तिथले दिवस माझे सुखाचे. वरच्या फळीवर जागा, पोटात पांढरी औषधी पूड, आणि रोज सकाळी मऊ फडक्याने पुसणे. "बघा, किती पारदर्शक आहे, एक बुडबुडा नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा मी आणखी लखलखायचे. मग गोळ्या चकचकीत पाकिटांतून येऊ लागल्या आणि आम्हा बरण्यांची फळी रिकामी झाली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य ठणठणीत होता, आम्हीच मेलो. भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मी एका रंगाऱ्याच्या घरी पोहोचले.

या रंगाऱ्याला सगळी गल्ली दादा म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी. दादा भिंती रंगवतो, वहिनी दारे-खिडक्या. चुन्याच्या भिंतींत दादाचा हात धरणारा आसपास कुणी नाही, आणि दाराच्या चौकटीवर वहिनीची रेघ कधी हलत नाही. त्यांच्या घराच्या मागे एक उघडा सज्जा आहे. तिथे चुन्याचे पिंप असते. चुना विझवून पाण्याखाली जितका मुरत ठेवावा तितका तो भिंतीवर मऊ बसतो, म्हणून ते पिंप कायम भरलेले. मला त्यांनी सज्जातल्या फळीवर ठेवले आणि माझ्यात ब्रश बुडवले. पुढे ब्रश वाळून काठीसारखे झाले, माझ्या तळाशी रंगाचा थर बसला आणि तोंडाशी कोळ्याने जाळे विणले. औषधवाल्याचे मऊ फडके आठवून मी मनातल्या मनात कुढत असे.

एक गोष्ट तेवढी सांगायला हवी. या घरात पांढरे ठिपके सगळीकडे असतात. फरशीवर, चपलांवर, कुलपावर, दादाच्या कानाच्या पाळीवर. आमच्याकडे पांढरा डाग दिसला तर कुणाची मान वळत नाही. सगळे रामायण इथेच घडले.

खालच्या मजल्यावर एक घड्याळजी आजोबा राहायचे. एकटेच. त्यांच्या खिडकीत एका मोठ्या कुंडीत अनंताचे झाड होते. ते त्यांच्या बायकोने लावलेले. ती गेली, पण झाड राहिले. फुलले की आजोबा एक पांढरे फूल वाटीत घालून दुरुस्तीच्या टेबलावर ठेवत आणि मग दिवसभर कुणाशी भांडत नसत. एरवी भांडत. घड्याळ पाण्यात पाडून आणणाऱ्या माणसाला तर ते दारातच उभे करून झाडायचे.

मग आजोबांचे हृदय कुरकुरू लागले. मोठे ऑपरेशन ठरले. रुग्णालयात जाण्याच्या दिवशी दादाने ती कुंडी खांद्यावर घेऊन वर आणली आणि आजोबा पायरीपायरीवर थांबत तिच्यामागे आले.

"घड्याळ बंद पडलं तर पुन्हा चालू करता येतं," ते वहिनीला म्हणाले. "याचं तसं नाही. पाणी घाला, सकाळचं ऊन दाखवा, आणि रोज एकदा नीट बघा. बघाल ना?"

"बघेन की. तुम्ही निर्धास्त जा, काका. परत याल तेव्हा जसंच्या तसं देईन."

आजोबांनी एक पान बोटांत धरले, सोडले आणि गेले. झाड माझ्यासमोरच ठेवले होते. काळसर हिरवी, तेलाचा हात फिरवल्यासारखी पाने. ते पाहून मला औषधवाल्याकडचे माझे दिवस आठवले.

वहिनी शब्दाला जागणारी. संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुण्याआधी ती झाडापाशी जायची. सकाळचे पाणी मात्र दादा घालायचा, कारण वहिनी आधी बाहेर पडायची. आणि दादा पाणी घालायचा ते पिंपातले.

दचकू नका. तो चुना घालत नव्हता. पिंपात चुना तळाशी बसतो आणि वर स्वच्छ, नितळ पाणी तरंगते. त्याला निवळी म्हणतात. चुना उपसताना ती निवळी आधी काढावी लागते, आणि दादाला पाण्याचा थेंबही वाया घालवायचा जिवावर येतो. शिवाय त्याच्या लहानपणी घरात एक अंजीर होते. त्याचे वडीलही रंगारी, तेही अंजिराला निवळीच घालायचे आणि अंजीर हातहात फांद्या सोडायचे. अंजिराला चुना मानवतो. पण एकाला मानवले ते दुसऱ्यालाही मानवेल, हे माणसांच्या बाबतीतही खरे नसते. मग झाडांच्या बाबतीत कसे असेल?

दादा कुठले पाणी घालतो ते वहिनीलाही ठाऊक होते. तिलाही त्यात काही वावगे वाटले नाही. स्वच्छ पाणी आहे, झाडाला घातले. बास.

तिकडे आजोबांचे ऑपरेशन पार पडले, पण जखम चिघळली, ताप उतरेना, शुद्ध हरपली. मुक्काम लांबत गेला. इकडे झाडाच्या शेंड्याला नवी पाने आली ती पिवळी. नुसती पिवळी नव्हेत. पान लिंबासारखे, आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या. जणू कुणी हिरव्या शाईने जाळी काढली आहे.

"उपाशी आहे," वहिनी म्हणाली. "कुंडीतल्या कुंडीत मिळणार तरी काय त्याला?" तिने खताची पुडी आणली आणि मोकळ्या हाताने घातली. घरी आजारी माणूस असले की आपण त्याच्या ताटात जास्तच वाढतो, तसे.

मित्रांनो, खत हे झाडाचे जेवण नव्हे. जेवण ते स्वतः रांधते: ऊन, हवा आणि पाणी घेऊन पानापानांत साखर तयार करते. खत म्हणजे त्या स्वयंपाकातले मीठ. चिमूटभर हवेच, त्याच्याशिवाय नवे पान, नवे मूळ, फूल काही घडत नाही. पण मूठभर घातले की घास थुंकावा लागतो. मुळे पाण्यात विरघळलेली खनिजे पाण्याबरोबर पितात. मातीतच क्षार फार झाले तर मुळांना पाणी ओढता येत नाही. उलट त्यांच्यातलेच पाणी बाहेर खेचले जाते. झाड भर पाण्यात तहानेने तडफडते. आमच्या अनंताच्या पानांची टोके तपकिरी झाली आणि करपल्यासारखी वळली.

त्या संध्याकाळी वहिनी रुग्णालयातून आली आणि चप्पल न काढताच सज्जाच्या उंबऱ्यावर बसली.

"शुद्धीवर आले," ती दादाला म्हणाली. "नाकात नळी, आवाज फुटत नाही. तरी पहिला प्रश्न काय, तर झाड कसं आहे."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, छान आहे. कळ्या धरल्यात."

दादाने झाडाकडे पाहिले. मीही पाहिले.

"अगं, इथे पानं टिकेनात आणि तू कळ्या लावून आलीस?"

"तोंडातून निघून गेलं हो. त्यांचा चेहरा बघितला असतात तर तुम्ही फुलंच लावून आला असता." मग ती चपला काढता काढता हळूच म्हणाली, "ते हसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. आता मी काय करू?"

त्या दिवसापासून त्या घरात दोन आजारी झाले. एक रुग्णालयात, एक सज्जात. आणि सज्जातला वाचला नाही तर रुग्णालयातल्याला काय तोंड दाखवायचे, या धास्तीने वहिनीचा घास घशाखाली उतरेना. रोज ती आजोबांना भेटायला जाई, रोज ते कळ्यांची चौकशी करत आणि रोज तिला त्या खोट्याला थोडे पाणी घालावे लागे. कळ्या वाढत होत्या. खोट्या झाडाची वाढ भलतीच जोमदार होती.

वहिनी रोपवाटिकेत गेली. तिथली बाई हुशार होती. वहिनीने नेलेले पान तिने उजेडाकडे धरले आणि विचारले, "पिवळी झाली ती जुनी पानं की नवी?"

"नवी. शेंड्याची."

ती बाई काय म्हणाली ते वहिनीने घरी येऊन दादाला शब्दन् शब्द सांगितले, म्हणून मलाही समजले. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतले काढून नव्याला देते. आई आपल्या ताटातले लेकराला वाढते तसे. म्हणून तेव्हा आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसलेले लोह झाडाला हलवता येत नाही. त्यामुळे लोह मिळेनासे झाले की जुने पान हिरवेच राहते आणि नवे पिवळे जन्माला येते. लोहाशिवाय पानाला हिरवा रंग तयार करता येत नाही, आणि हिरव्या रंगाशिवाय उन्हात स्वयंपाक करता येत नाही. म्हणजे चूलच पेटत नाही.

"पाणी कसलं घालता, असंही विचारलं तिनं," वहिनी म्हणाली. "म्हटलं, स्वच्छ. काचेसारखं."

दादाने मान डोलावली. मी फळीवरून दोघांकडे पाहत राहिले. काचेसारखे! अरे, काचेत काय काय असते ते काचेला विचारा!

रोपवाटिकेच्या बाईने लोहाचे औषध दिले. ते घातल्यावर शेंडा जरा हिरवा झाला. वहिनी हरखली. पण पुढची पाने पुन्हा पिवळी आली, आणि त्यानंतरची तर पांढुरकी. होणार नाही तर काय? लोह मातीत होते, औषधातही होते. पण अनंताला आंबूस माती लागते. माती चुनखडीची झाली की लोह तिच्यात असे घट्ट बसते की पाण्यात विरघळतच नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळांना पिता येत नाही. ताट भरलेले आणि हात बांधलेले. त्यात दादा रोज सकाळी नवी गाठ मारत होता, आणि तीही किती प्रेमाने. "घे रे बाबा, पी," असे म्हणून तो कुंडीत तांब्या ओतायचा.

पाने गळू लागली. तेव्हा वहिनीने एक केले. कात्रीने एक त्यातल्या त्यात हिरवी फांदी कापली आणि फळीवरून मला खाली घेतले. वाळलेले ब्रश उपटून फेकले, कोळ्याला बाहेर काढले आणि मला वाळू घालून असे खसखसून धुतले की मला औषधवाल्याचे दुकान आठवले.

"झाड गेलंच," ती दादाला म्हणाली, "तर निदान त्याचं लेकरू तरी हातात ठेवता येईल."

मला स्वयंपाकघराच्या सज्जाकडे उघडणाऱ्या खिडकीत जागा मिळाली. नळाचे पाणी भरले, फांदी माझ्यात उभी केली आणि मला बाहेरून काळा कागद गुंडाळला, कारण मुळांना अंधार लागतो आणि उजेडाने पाण्यात शेवाळ धरते. मित्रांनो, इतकी वर्षे माझ्यात काय काय ठेवले, पण जिवंत असे हे पहिलेच. आधी नुसता फांदीचा कापलेला भाग, ओला आणि फुगलेला. मग त्यावर बारीक पांढरे फोड. मग एके दिवशी एका फोडातून मूळ बाहेर आले, आणि त्या मुळाच्या टोकाजवळ इतके बारीक केस की काच म्हणूनच मला दिसले. झाड पाणी पिते ते मुख्यतः त्या केसांनी. तेही निर्जीव फडक्यासारखे नुसते शोषत नाहीत. हवे ते ओढून घेण्यासाठी मुळाला ताकद खर्चावी लागते आणि त्यासाठी श्वासही घ्यावा लागतो. म्हणून वहिनी शिळे पाणी ओतून ताजे भरायची. रोपवाटिकेच्या बाईने दिलेल्या पुडीतले अगदी चिमटीभर त्यात टाकायची. शेंड्याला एक पान आले. हिरवे.

वहिनी त्या पानाकडे रोज बघायची. मोठ्या झाडाकडे बघणे मात्र तिने जवळजवळ सोडून दिले होते, कारण बघवत नव्हते.

आणि मग रुग्णालयातून निरोप आला. येत्या शनिवारी आजोबांना घरी सोडणार.

त्याच सकाळी वहिनी घाईत बाहेर पडली. दादाने माझ्यातले पाणी खाली गेलेले पाहिले. बायकोवरचा भार हलका करावा म्हणून त्या भल्या माणसाने तांब्या उचलला, सज्जात गेला, आणि येऊन मला गळ्यापर्यंत भरले.

पहिल्या थेंबालाच मी ओळखले. चुना. माझ्याच अंगातला.

मला ओरडता आले असते तर सगळी गल्ली गोळा झाली असती. दादा शीळ घालत कामावर गेला. घर रिकामे. पाण्यावर हवेने हळूहळू एक पातळ पांढरी साय धरली. निवळीला हवा लागली की ती अशी धरतेच. मग ती साय माझ्या काचेला चिकटली आणि गोल कडे होऊन बसली. आतली मुळे, कालपर्यंत पारदर्शक असलेली, त्यांच्यावर भुकटी बसत गेली. ते बारीक केस आक्रसले. दुपार कलली तशी हिरवे पान मान टाकू लागले, आणि मी जागच्या जागी उभी. बरणीचे आयुष्य हे असे आहे. पोटातले सगळे दिसते, पण हात नाहीत.

संध्याकाळी वहिनी आली. आधी तिने चुलीवर काहीतरी चढवले, मसाल्याच्या डब्यात हात घातला, आणि मग सवयीने खिडकीकडे पाहिले. पान लोंबत होते.

ती धावतच आली. तिने माझा काळा कागद फाडून काढला, फांदी सावरायला बोट पाण्यात घातले आणि झटक्यात बाहेर काढले. बोट लाल झाले होते.

"कापलं का?" दादाने मागून विचारले. तोही नुकताच आला होता.

वहिनीने बोट पुसले. जखम नव्हती. बोटाला हळद लागली होती, तेवढीच. ती हळद लाल झाली होती. तिने अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळले. बुळबुळीत. कोणत्याही रंगाऱ्याच्या हाताला झोपेतही कळावे असे ते बुळबुळीत. मग तिने माझ्या गळ्याखालच्या पांढऱ्या कड्यावर नख ओढले.

"हे कसलं पाणी घातलंत?"

"निवळी. रोजचीच की."

"रोजची... म्हणजे झाडालाही हीच!"

तिने हळदीचा डबा उचलला आणि ती सज्जात गेली. पिंपातल्या नितळ पाण्यात चिमूट टाकली; पाणी लालभडक झाले. कुंडीखालच्या ताटलीत झिरपलेले पाणी होते, त्यात टाकली; तेही लाल, फिकट, पण लालच. मग ती गुडघ्यांवर बसली आणि कुंडीचा काठ पाहिला. काठाभोवती पांढरा थर होता. मातीवर पांढरा पापुद्रा होता. तो आज आलेला नव्हता. कित्येक आठवडे तो तिथेच होता आणि त्या घरात तो कुणाला दिसला नव्हता.

दादा दारात उभा होता. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"आमच्या अंजिराला..." तो म्हणाला. मग पिंपाला टेकून खाली बसला. "मी रोज त्याला पी म्हणायचो गं."

"मीही बघत होते ना रोज? माझे डोळे काय गहाण पडले होते?" वहिनीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "उठा. रडायचं ते नंतर रडू. आधी याला धुऊ."

तिने फांदी नळाखाली धरून एकेक मूळ बोटांनी धुतले. मला विसळले आणि नुसते साधे पाणी भरले. दादा तसाच अंगावरच्या डागांसकट रोपवाटिकेत गेला आणि ती बंद होता होता त्या बाईला घेऊनच आला. तिने कुंडी पाहिली, पिंप पाहिले, माझे कडे पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"मी पाणी कसलं ते विचारलं होतं," ती म्हणाली. "बघायला यायला हवं होतं. माती बदलावी लागेल. सगळी."

"पण इतकं अशक्त झालंय. मुळं हलवली तर सोसेल?"

"आज हलवलं तर कदाचित मरेल. नाही हलवलं तर नक्की मरेल."

वहिनीने एकदा दादाकडे पाहिले आणि पदर खोचला. तिघांनी मिळून कुंडी आडवी केली. मातीचा गोळा निघाला. बाहेरची मुळे तपकिरी, काही सडलेली. वहिनी हातांनी चुनखडलेली माती सुटी करत होती, दादा नळाच्या पाण्याची बारीक धार धरत होता, रोपवाटिकेची बाई कुजलेल्या पानांची काळीभोर माती भरत होती. एखादे मूळ तुटल्याचा बारीक आवाज झाला की तिघांचे हात थांबत. शेवटी जवळजवळ सगळी पाने गेली आणि कुंडीत काटक्या उभ्या राहिल्या.

"आता पाणी माफक, खत अजिबात नाही," ती बाई निघताना म्हणाली. "लोहाचं औषध दोन घोट. आणि वाट बघायची."

वाट बघायला वेळ कुठे होता? शनिवार उजाडला. काटक्या काटक्याच होत्या. माझ्यातल्या फांदीने पान सावरले होते, पण नवे काही नव्हते. वहिनी सकाळपासून सज्जातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून सज्जात फेऱ्या मारत होती. दादा म्हणाला, "त्यांना सांगू की घरात ऊन नव्हतं." वहिनी म्हणाली, "एक खोटं पोसता पोसता माझा जीव गेला. दुसरं नको."

जिन्यात पावले वाजली. एक पायरी, थांबणे. पुन्हा एक पायरी. आजोबा आपल्या घरी न थांबता थेट वर येत होते. दारात आले तेव्हा ते निम्मे झाले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता.

वहिनीने त्यांना बसू दिले, पाणी दिले, आणि मग त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, मी खोटं बोलले. कळ्या नव्हत्या. कधीच नव्हत्या. आमच्या हातून तुमच्या झाडाची वाट लागली." मग तिने सगळे सांगितले, निवळीपासून हळदीपर्यंत, काही न लपवता. दादा खाली मान घालून भिंतीशी उभा होता.

आजोबा ऐकून घेत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "कळ्या नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"पोरी, वर्षाच्या या दिवसांत हे झाड कधी कळ्या धरत नाही. इतकी वर्षं बघतोय मी."

वहिनीने विचारले, "मग रोज विचारत का होतात?"

"तू रोज येत होतीस म्हणून. म्हटलं, झाडाचं काहीतरी बिनसलंय. पण मला बरं वाटावं म्हणून जी एवढ्या कळ्या फुलवते, ती झाडाला सहजासहजी मरू देणार नाही." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि खोटं का होईना, पण पुढच्या दिवशी तू काय सांगतेस ते ऐकायला मला जगावं लागत होतं."

वहिनीने पदर डोळ्यांना लावला. आजोबा उठले, सज्जात गेले. खिशातून घड्याळजींचे भिंग काढून डोळ्यात बसवले आणि एकेक काटकी बोटाने वळवून पाहू लागले. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्यातले पाणीसुद्धा हलत नव्हते.

"इकडे ये," ते म्हणाले आणि भिंग वहिनीच्या हातात दिले.

बुंध्यालगतच्या एका पेरावर मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. पिवळा नव्हे. हिरवा.

मित्रांनो, ते झाड आज पुन्हा आजोबांच्या खिडकीत आहे. पूर्वीइतके डेरेदार नाही, पण फुलते. माझ्यातली फांदी वहिनीच्या सज्जातल्या कुंडीत गेली आणि दादा तिला नळाचेच पाणी घालतो, तेही आधी हळद टाकून बघतो. वहिनी त्याला हसते. मी खिडकीत आहे, सध्या रिकामी. कधीतरी वहिनी आंबट पाणी घेऊन माझे कडे काढायला बसली होती. आजोबा तेव्हा चहाला आले होते. त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. झाडाला बोलता येत नव्हतं. जे सांगायचं ते हिनं सांगितलं."

म्हणून एकच मागणे आहे. तुमच्या घरातले झाड पिवळे पडले, किंवा माणूस म्हणा, तर लगेच त्याच्या ताटात आणखी वाढू नका. आधी त्याचे हात कशाने बांधले आहेत ते शोधा. ते पुष्कळदा तुमच्या डोळ्यांसमोरच असते, रोजच्या सवयीने न दिसणारे. आणि मला घासायला घ्याल, त्याआधी एकदा उजेडात धरून नीट बघा.